आधी परतीची वाट

खण दुसरा

मित्रांनो, मी एक जुने मेमरी कार्ड आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढे माझे अंग, एक कोपरा तिरका कापलेला, पाठीवरच्या सोनेरी पट्ट्या खाऱ्या हवेने काळवंडलेल्या. आज तुमच्या फोनमध्ये जे कार्ड असते, त्याच्या एका कोपऱ्यात माझ्यासारखी शेकडो कार्डे मावतील. तरीही माझी गोष्ट ऐका, कारण तिच्यात चार माणसांचा जीव अडकला होता.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला सलग बोलता येत नाही. माझे पोट खणाखणांचे आहे. जो खण रिकामा असेल त्यात मजकुराचा एक तुकडा ठेवायचा आणि पुढचा तुकडा कुठल्या खणात आहे त्याचा आकडा लिहून ठेवायचा, ही आमची रीत. खण भरला की वाक्य अर्धे असले तरी तोडावे लागते. आमची मोजणीही दुसऱ्या खणापासून सुरू होते. का, ते मला कोणी सांगितले नाही. तुम्ही आकड्याचे बोट धरून या. चुकणार नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला आठवत नाही. आठवते ते रत्नागिरीतले एक दुकान आणि काचेवर टेकलेला एक रापलेला हात. तो हात नाटे गावच्या दत्ताराम तांडेलाचा होता. त्याने आपल्या होडीसाठी जीपीएसचे यंत्र घेतले आणि यंत्राबरोबर मी आलो. होडीचे नाव ‘गंगुबाई’, म्हणजे दत्तारामच्या आईचे नाव. सुकाणूजवळ यंत्र बसवले, यंत्राच्या खाचेत मला बसवले, वर रबरी झाकण लावले. त्याच दिवशी खाडीत शिरताना यंत्राने माझ्यावर पहिली वाट लिहिली. त्या वाटेचे नाव होते

पुढे: खण तिसरा

खण तिसरा

ए.

हसू नका. नुसते इंग्रजी ए. यंत्राला इंग्रजीच अक्षरे येत, तीही फार तर आठ, आणि एकेक अक्षर बटण दाबून शोधावे लागे. दत्तारामच्या जाड बोटांना एवढा धीर नव्हता. पहिल्या वाटेला त्याने एक ए दिला, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

“पोरीचं नाव ठेवायला बारा दिवस सगळ्या घराला जागवलंत,” त्याची बायको राजश्री म्हणाली, “आणि वाटांना हे?”

“पोरीला हाक मारायची असते,” दत्ताराम म्हणाला. “वाटेला कोण हाक मारता?”

या तीन वाटा नीट ध्यानात ठेवा. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली एक लांब खडप, म्हणजे खडकांची रांग, आहे. त्याला तिथे म्हातारीचा खडप म्हणतात. ओहोटीला तो वर डोके काढतो, म्हणून तेव्हा डोंगराच्या अंगाने, खोल पाण्यातून घरी यायचे. ती एक ए. भरतीला डोंगराकडे लाटा होडी आपटतात, म्हणून तेव्हा सरळ खडपावरून, वाढलेल्या पाण्यातून यायचे. ती दोन ए. आणि बाहेर जिथे जाळे टाकतात तिकडे जाणारी वाट तीन ए. ओहोटीला भरतीची वाट धरली तर होडीचा तळ म्हातारीच्या दातांवर. इतके सोपे, इतके वाईट.

मी अकरा पावसाळे काम केले. ऊन, मीठ, डिझेलचा धूर, कोळंबीचे पाणी. यंत्राचा पडदा वरच्या बाजूने काळा पडत गेला. नकाशा दिसेनासा झाला; खाली फक्त वाटांची नावे आणि दिशेचा एक बाण उरला. दत्तारामला तेवढे पुरे होते. बाण दाखवेल तिकडे सुकाणू वळवायचे. घरी पोचला की तो मला बाहेर काढून बनियनच्या टोकाने पुसायचा. “शाणा हाय हा,” म्हणायचा. मित्रांनो, यंत्रांना शाबासकी कळत नाही असे तुम्ही समजता. असो.

मग दत्तारामच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि

पुढे: खण नववा

खण नववा

ऑक्टोबरात ऑपरेशन झाले. डोळ्यांवर पट्टी आली. होडी धाकट्या भावाच्या, अनिलच्या हाती गेली. अनिल बरीच वर्षे मुंबईत एका गोदामात कामाला होता. परत आल्यावर भावाबरोबर समुद्रावर जात होता, पण सुकाणू कधी त्याच्या एकट्याच्या हातात नव्हते.

“एक ए, दोन ए, तीन ए,” तो राजश्रीला म्हणाला. “वैनी, ही काय वाटांची नावं झाली? घाईत एक ए जास्त वाचला तर माझा फोटोच लावा भिंतीवर.”

हे दत्तारामची मुलगी मनाली ऐकत होती. ती रत्नागिरीला कॉम्प्युटर शिकत होती आणि शनिवारी एसटीने घरी यायची. तिने मला यंत्रातून काढले आणि आपल्या लॅपटॉपमध्ये घातले.

“काकासाठी नीट मराठी नावं देते,” ती म्हणाली. “वाचता येतील अशी.”

“यंत्राला मराठी कुठं येता?” पलंगावर पट्टी बांधून बसलेला दत्ताराम म्हणाला.

“त्याला नाही येत, पण बिघडत काही नाही. कार्डावर प्रत्येक फाइलीला दोन नावं असतात, बाबा. एक छोटं, जुन्या यंत्रासाठी. एक मोठं, नव्यांसाठी. जुन्याला मोठं नाव दिसतच नाही, ते आपलं छोटं बघून काम करतं. मी मोठं नाव देणार. छोटं जागच्या जागी राहील. मग त्याची एक यादी काकाच्या फोनवर पाठवते, अमुक ए म्हणजे अमुक वाट.”

ती खरे बोलत होती. बरेचसे.

लॅपटॉपने यादी उलटी लावली होती; सगळ्यात वर जाळ्याची वाट होती. मनालीने तिच्यावर बोट ठेवले आणि नाव लिहायला घेतले. कळांची टकटक ऐकून दत्तारामने विचारले, “कुठली लिवतेस?”

“जाळ्याकडे जायची.”

त्याने चाचपडत तिचा हात धरला. “थांब गो बाय. ती मागनं. आधी परतीची लिव. आमच्यात जायची वाट आधी शिकवीत नाय. माझ्या आज्यानं बापाला, बापानं मला, आधी यायची शिकवली. आणि त्यातही आधी कमी पाण्याची. गेलेला माणूस येतो कसा, ता आधी कळला पायजे.”

“बाबा, फाइलींना काय फरक पडतो कोण आधी नि कोण मागनं?”

“फाइलींना नसंल. मला पडता.”

मनाली हसली. तिने अर्धवट लिहिलेले नाव सोडून दिले, सगळ्यात खालच्या फाइलीवर गेली आणि लिहिले: ओहोटीची परतीची वाट. मग तिने एंटरची कळ दाबली. दाबली म्हणजे आपटली. मनालीची ती सवयच होती. फळीवरचे पेले किणकिणले.

“मोडशील ती कळ एक दिवस!” स्वयंपाकघरातून राजश्री ओरडली.

दुसरी आपट: भरतीची परतीची वाट. तिसरी आपट: जाळ्याकडे जायची वाट. मनालीने मला काढले, फुंकर मारली आणि काकाच्या हातावर ठेवले. आणि त्या क्षणी माझ्या पोटात जे झाले होते ते फक्त मला माहीत होते. झाले असे की

पुढे: खण चौथा

खण चौथा

पण त्याआधी बाबल्या. ‘गंगुबाई’वर एक खलाशी आहे, कागदावर त्याचे नाव अभय. होडीवर कोणी अभय म्हणून हाक मारली तर तो मागे वळूनही बघत नाही. बाबल्या म्हटले की दोरी फेकून हजर. बँकेत अभय, पाण्यावर बाबल्या, माणूस एकच. माझेही तसेच आहे. फाइलीचे छोटे नाव मी पाटीवर लिहितो. मोठे नाव लहान लहान चिठ्ठ्यांवर लिहून पाटीशेजारी ठेवतो, आणि प्रत्येक चिठ्ठीवर अशी खूण करतो की जुने यंत्र तिला रद्दी समजून ओलांडून जाते. ज्यांनी ही युक्ती काढली, त्यांनी जुन्यांचा केवढा विचार केला होता! नवे आले, पण जुन्याला धक्का नाही.

मनालीला हे माहीत होते. तिला एकच गोष्ट माहीत नव्हती. फाइलीचे मोठे नाव बदलले की छोटे नाव जागच्या जागी राहत नाही. ते नव्या मोठ्या नावावरून पुन्हा तयार होते. आणि छोट्या नावात मराठी अक्षरे बसत नाहीत. जे अक्षर बसत नाही, त्याच्या जागी एक आडवी रेघ.

म्हणून तिन्ही वाटांची छोटी नावे आता अशी झाली होती: सहा आडव्या रेघा, एक नागमोडी खूण आणि एक आकडा.

______~1

______~2

______~3

ए गेला. दोन ए गेले. तीन ए गेले. आकडे पडले ते केवळ एंटर ज्या क्रमाने दाबला त्या क्रमाने. मनालीने पाठवलेली यादी अनिलच्या फोनमध्ये होती, पण त्या यादीत जी नावे होती ती आता कुठेच नव्हती.

मी यंत्रात परत गेलो. आठवडाभर आकाश निरभ्र होते. अनिल किनाऱ्यावरच्या गडाचा बुरूज आणि अलीकडचा उंच माड एका रेषेत धरून डोळ्यांनीच येजा करत होता. यंत्राकडे त्याने ढुंकून पाहिले नाही. सहा रेघा पडद्यावर तशाच, सहा मिटलेल्या डोळ्यांसारख्या. मी ओरडू शकत नव्हतो. आमच्यापैकी कोणीच स्वतःहून बोलत नाही, मित्रांनो. विचारले तरच सांगतो.

पुढे: खण दहावा

खण दहावा

खराब. इथे कोणी काही लिहू नये.

(एका पावसाळ्यात झाकण सैल राहिले आणि खारे पाणी आत आले. या खणात दत्तारामने टिपलेली सुरमईची एक जागा होती. ती गेली. खण खराब झाला तर आम्ही तो लपवत नाही, वर खूण करून ठेवतो, म्हणजे दुसरे कोणी भरवशाने त्यात काही ठेवू नये.)

पुढे: खण अकरावा

खण अकरावा

शनिवार होता. जाळे पाण्यात होते. दुपारी वायरलेसवर हाक आली की बंदरावर वादळाचा बावटा चढवलाय, सगळ्यांनी माघारी फिरा. आजूबाजूच्या होड्या फिरल्या. अनिलने जाळे ओढायला घेतले. ते कापून टाकले असते तर ‘गंगुबाई’ही बाकीच्यांबरोबर वेळेत पोचली असती. पण जाळे भावाचे होते, आणि सांभाळायला दिलेल्या जाळ्यावर सुरी चालवायला हात धजत नाही.

जाळे वर येईपर्यंत नैऋत्येकडून पावसाची भिंत आली. पहिल्याच झोडप्यात वायरलेसची काठी मोडून समुद्रात गेली. चार माणसे होडीत: अनिल सुकाणूवर, बाबल्या त्याच्याशेजारी, दोघे खलाशी पंप हलवत पाणी उपसत होते. खाडीच्या तोंडापर्यंत ते अंदाजाने आले. तिथे अंदाज संपला. गडाचा बुरूज नाही, माड नाही, डोंगर नाही. सगळे एकाच राखाडी रंगाचे. फक्त पुढे कुठेतरी खडपावर फुटणाऱ्या पाण्याचा आवाज, आणि तो कुठल्या बाजूने येतो ते वाऱ्यात कळत नव्हते.

“बाहेरच थांबूया?” एक खलाशी म्हणाला.

“वारा थांबून देतो काय तुला?” बाबल्या म्हणाला. “ढकलतोय बघ कसा. थांबलाव तर आपसूक खडपावर.”

“पाणी ओसरताय,” अनिल म्हणाला. “ओहोटीची वाट लावतो.” त्याने अंगरख्याने यंत्राचा पडदा पुसला आणि बटण दाबले.

नावांची यादी उघडली. अनिल बघत राहिला.

“हे काय?”

बाबल्या वाकला. “रेघा कसल्या? मशीनीला लकवा झाला काय?”

“एक ए कुठाय? मनूनं यादी पाठवली त्यात एक ए म्हणजे ओहोटी!”

त्याने फोन काढला. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला होता. किनारा जवळ असल्यामुळे रेंजची एक काडी येत होती, जात होती. तिसऱ्या वेळी लागला. स्पीकरवर मनालीचा आवाज आला. ती आईबापांबरोबर जेटीवरच्या शेडमध्ये उभी होती. पत्र्यावर पडणारा पाऊस मला फोनमधून ऐकू येत होता.

“काका! कुठे आहात?”

“तोंडाशी. मनू, इथं नावं नायत गो! नुसत्या रेघा हायत. सहा रेघा आणि एक. सहा रेघा आणि दोन. मग तीन. कुठली लावू?”

पलीकडून अगदी हळू, “अरे देवा.”

“मनू!”

“काका, चूक माझी. त्याला मराठी अक्षरं बसली नाहीत. मी ज्या क्रमानं नावं दिली त्या क्रमानं आकडे पडलेत.”

“मग क्रम सांग! पहिली कुठली?”

“पहिली… मी पहिल्यांदा जाळ्याची वाट लिहीत होते. मग बाबांनी थांबवलं. पण तोवर मी एंटर दाबला होता की नाही… दाबला असेल तर जाळ्याची एक आणि ओहोटीची दोन. नसेल तर ओहोटीची एक, आणि दोन म्हणजे… काका, दोन म्हणजे खडपावरची. मला आठव—”

रेंज गेली.

मागून एक लाट आली, होडीचे ढुंगण उचलले आणि पुढे ढकलले. फुटणाऱ्या पाण्याचा आवाज मोठा झाला.

“पहिल्यांदा जाळ्याची लिवत होते म्हणाली,” अनिल ओठ चाटत म्हणाला. “म्हणजे जाळ्याची एक. ओहोटीची दोन.”

“लिवत होती म्हणाली रे, लिवली म्हणाली नाय.”

“मग तू सांग!”

“मी बाबल्या! मला काय विचारतंस? परत फोन लाव.”

“लागत नाय!”

मी सगळे जाणत होतो. माझ्या पाटीवर स्वच्छ लिहिले होते. पहिली ओहोटीची. त्या दिवशी कळ तीनदाच वाजली होती. मला एका अक्षराचा तरी आवाज असता! अनिलचा अंगठा खालच्या बाणावर गेला. पडद्यावरची निवड एकावरून दोनावर सरकली. दोन म्हणजे भरतीची वाट, सरळ म्हातारीच्या खडपावरून, आणि पाणी ओसरत होते. अंगठा मधल्या बटणावर आला आणि

पुढे: खण सहावा

खण सहावा

फोन वाजला.

अनिलने अंगठा उचलला. या वेळी आवाज दत्तारामचा होता.

“अन्या, एक. एक लाव.”

“दादा, नक्की? मनू म्हणाली—”

“मनूनं तेव्हा एंटर मारला नव्हता.”

“तुला काय ठावक? तुझ्या डोळ्यांवर पट्टी होती!”

“डोळ्यांवर होती, कानांवर नव्हती. ही पोर एंटर मारते तेव्हा फळीवरचे पेले वाजतात. मी तिचा हात धरला तोवर पेले वाजले नव्हते. मग वाजले ते तीन वेळा. तीनच.”

मागून राजश्रीचा आवाज आला, “खरा हाय ता, भावजी! मी पहिल्यांदा ओरडले ती मागनं, थांब म्हटल्याच्या नंतर!”

मग मनाली, रडवेली, पण आता तिला शब्द सापडले होते. “काका, आठवलं. मी नाव अर्धं सोडून दिलं आणि खालच्या फाइलीवर गेले. पहिला एंटर परतीच्या वाटेला. ओहोटीच्या. बाबांनी जाळ्याची आधी लिहूच दिली नाही.”

“आणि चुकला तर?” अनिल म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हते. तो खरोखर विचारत होता.

पाऊस दोन्हीकडे पडत होता, पत्र्यावर आणि पाण्यावर.

“चुकला तर,” दत्ताराम म्हणाला, “माझा कान चुकला, तुझा हात नाय. लाव.”

अनिलने निवड वर नेली. एक. बटण दाबले.

आता माझी वेळ आली. ते जुने यंत्र वाट निवडली की तिच्यावर आजची तारीख घालून ती पुन्हा जपून ठेवते, आणि त्याची जपून ठेवायची रीत जुनी. आधी दुसऱ्या खणांत नवी प्रत लिहायची. मग जुनी पुसायची. मग नव्या प्रतीला जुन्याचे नाव द्यायचे. नवी प्रत लिहून झाली. जुनी पुसली गेली. नेमक्या त्याच वेळी इंजिनाने आचका दिला, दिवा मंदावला, पडदा अंधारला. मित्रांनो, त्या एका श्वासापुरती ओहोटीची वाट माझ्या पोटात होती पण तिला नाव नव्हते. यंत्र त्या क्षणी बंद पडले असते तर ती कोणालाच सापडली नसती.

इंजिन पुन्हा लागले. दिवा उजळला. यंत्राने पाटीवर नाव लिहिले: सहा रेघा, एक.

बाण उमटला. डावीकडे.

“डावीकडं?” बाबल्या ओरडला. “तिकडं डोंगर हाय!”

“ओहोटीला डोंगराच्याच अंगानं जायचा,” अनिल म्हणाला आणि सुकाणूवर अंग टाकले. होडी आडवी झाली. एक खलाशी देवाचे नाव घेत होता, दुसरा पंप सोडत नव्हता. मग उजव्या हाताला, दहा वाव, म्हणजे साठेक फूट लांब, पावसातून एक काळे डोके वर आले आणि पांढऱ्या फेसात बुडाले. म्हातारीचा खडप. उजव्या हाताला. मागे पडत चाललेला.

बाण सरळ झाला. लाटा एकाएकी बसक्या झाल्या. आणि समोर, राखाडीतून, जेटीवरचा पिवळा दिवा दिसला. त्याखाली तीन माणसे उभी होती. त्यांतले एक काळा चष्मा लावून, कान खाडीकडे करून

पुढे: खण पाचवा

खण पाचवा

उभे होते. दत्तारामने इंजिनाचा आवाज ओळखला तेव्हा अजून कोणालाच होडी दिसली नव्हती.

राजश्रीने अनिलच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याच्याच खांद्यावर डोके टेकून रडली. “जाळं कापून टाकायचं होतं मेल्या!” मनाली लांबच उभी होती. तिला जवळ यायचा धीर होत नव्हता. शेवटी अनिलनेच मला यंत्रातून काढून तिच्यापुढे धरले.

“घे. आणि आता नीट कर.”

“मी हात नाही लावणार, काका. परत काहीतरी—”

“तू नाय तर कोण? बाबल्या?”

“मी करतो की,” बाबल्या म्हणाला. “माझंपण नाव लिवा त्यात, बाबल्या रेघ रेघ रेघ.”

मनाली रडता रडता हसली.

घरी तिने मला लॅपटॉपमध्ये घातले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेची मराठी नावे शाबूत होती. पहिलीचे गेले होते. तिथे फक्त सहा रेघा आणि एक. जुन्या यंत्राने जुनी प्रत पुसताना मोठ्या नावाच्या चिठ्ठ्यांकडे पाहिलेच नव्हते. त्याला त्या कधी दिसत नव्हत्या, त्याचा काय दोष? मनाली बराच वेळ त्या रेघांकडे बघत बसली.

“बाबा,” ती म्हणाली, “जुन्याला धक्का लागणार नाही असं मी म्हणाले होते. पण मी त्याच्या पडद्यावर जाऊन बघितलंच नव्हतं.”

“मग बघ की आता,” दत्ताराम म्हणाला.

तिने वाटांना पुन्हा नावे दिली. आधी बापाची जुनी अक्षरे, जी यंत्राला वाचता येतात. मग एक आडवी रेघ. मग पुढे पूर्ण मराठी. एक ए, ओहोटीची परतीची वाट. दोन ए, भरतीची परतीची वाट. तीन ए, जाळ्याकडे जायची वाट. याच क्रमाने. या वेळी ती एंटर हळू दाबत होती, तर दत्तारामने तिला हटकले.

“आपट गो. मला ऐकू येऊ दे.”

मग ती मला घेऊन चिखलातून जेटीवर गेली, ‘गंगुबाई’त चढली, मला यंत्रात घातले आणि अर्ध्या काळ्या पडद्याजवळ नाक नेऊन स्वतः बघितले. पुढे रेघा होत्याच, आकडाही होता, पण सुरुवातीला ए होता. दोन ए होते. तीन ए होते. तेव्हा कुठे ती खाली बसली.

त्याला आता काही वर्षे झाली. दत्तारामने नवे यंत्र घेतले. त्याचा पडदा रंगीत आहे आणि त्याला मराठी येते. मनालीने तिन्ही वाटा त्यात नेल्या. मी आता गळांच्या डब्यात असतो, खाली गंज, वर मेणबत्तीचा तुकडा. मनाली रत्नागिरीत एका छोट्या कंपनीत काम करते. तिथे कोणी काही नवे करायचे म्हटले की ती पहिला प्रश्न हाच विचारते म्हणे: ज्यांच्याकडे जुने आहे ते घरी कसे येतील? लोक तिला चिडवतात. ती चिडत नाही.

मित्रांनो, तुम्ही नवे काही बनवाल. जरूर बनवा; मी नव्याच्या विरोधात नाही, मीही कधी नवा होतो. पण बनवण्याआधी एखाद्या होडीत चढून जुन्या पडद्याशी नाक न्या. तिथे कोणीतरी भिजलेला माणूस तुमच्या नावांवर भरवसा ठेवून उभा असतो. आणि आमच्यासारख्या जुन्यांना डब्यात टाकताना एकदा पुसून टाका, बनियनच्या टोकाने. एवढेच मागणे.

आणखी एक. त्या दिवशी हरवलेले नाव खरे तर हरवलेले नाही. जुन्या यंत्राने ओलांडलेल्या त्या चिठ्ठ्या अजून माझ्यात तशाच पडून आहेत. त्यांना आता फाइल नाही, वाचणारे कोणी नाही. पण त्यांवर अजून अक्षर अन् अक्षर आहे: ओहोटीची परतीची वाट.

हा माझा शेवटचा खण. इथे पुढचा आकडा लिहायचा नसतो, फक्त संपल्याची खूण करायची असते. ती खूण प्रत्येक कार्ड आपापल्या परीने करते. मी लिहितो:

घर.